कुंज आले त्या दुपारी

उखाने बत्तीस वर्षं सुरतेच्या उधन्यात कापडाचे लूम चालवले आणि कान तिथेच ठेवून आला. लूमच्या खडखडाटात सगळेच हातांनी बोलतात: चिमूट उघडली की धागा तुटला, पालथा हात म्हणजे मशीन बंद कर. त्या खुणा त्याने बायकोला, धुरपदालाही शिकवल्या. संसार त्यावरच चालला.

साठीला टेकल्यावर सचिन गावापलीकडच्या राखीव तळ्यावर त्याला रखवालदाराची नोकरी मिळाली, राहायला खोलीही. दिवाळीच्या सुमारास तिथे करकोचे उतरतात. गावातले लोक त्यांना कुंज म्हणतात. लांबून थकून आलेली ती पाखरं पहिल्याच दिवशी बिचकली, तर पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून ती येताना दिसली की पाळीवरच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या, रस्त्याला साखळी लावायची, हे त्याचं मुख्य काम. बहिरेपण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. थवा दिसायच्या आधीच धुरपदाला त्यांची साद ऐकू यायची. ती त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायची, की उखा साखळीकडे धावायचा. वनखात्याच्या गौरी मॅडमचा फोनही तीच घ्यायची. ते पाण्याकडे गेलेत म्हणायची. मग उखाला खुणेने चिडवायची, पगार तुमचा, कान माझे.

श्रावणात ती तापाने गेली. मुलगी सोनाली न्यायला आली. ओठ नीट हलवत म्हणाली, "बा, आते घर चाल."

पाखरं येऊन स्थिरावू देत, मग येतो, असं त्याने सांगितलं. धुरपदाचं एवढं काम तरी तडीला न्यायचं होतं. तो दिवसभर दारात आभाळाकडे बघत बसे. भाजीही तिथेच निवडे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तिची गोधडी धुवायला काढली. तळ्याकडे पाठ करून दगडावर धोपटत राहिला. छातीत धप धप जाणवत होतं. आपल्याच धोपटण्याचं, असं त्याला वाटलं. वाळत घालायला वळला तर पाळीवर धूर, फटाक्यांचे लाल कागद, दोन मोटारसायकली निघालेल्या, आणि वर दूर जाणारी कुंजांची रांग. तो धावला. चिखलात पाखरांच्या पावलांचे ताजे ठसे होते.

आठवड्याने गौरी मॅडम आल्या. पाखरं यंदा कशी नाहीत, विचारू लागल्या. उखाने साखळीची किल्ली पुढे धरली.

"मला ऐकू येत नाही, मॅडम. सहा वर्षं ती ऐकत होती."

त्या बरंच बोलल्या. ओठांवरून त्याला फक्त 'काका' कळलं.

सोनाली रिक्षा घेऊन आली. गोधडी मांडीवर घेऊन तो बसला. पाळ मागे पडली तेव्हा खांद्यावर दोनदा थोपटल्यासारखं झालं. त्याने धडपडून मान बाहेर काढली, आभाळ शोधू लागला.

सोनाली पाण्याची बाटली पुढे करत होती.