छताकडे वळणारा फ्लॅश

राजवाड्याजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानातला तो माणूस आधी गोड आवाजात ‘अम्मा’ म्हणतो आणि मग अपमान करतो.

माझी नात चित्रकारांसाठी तंजावूर चित्रांचे फोटो काढते. सोन्याच्या वर्खावर समोरून उजेड पडला की चित्र पांढरंफटक दिसतं. तसे फोटो दोनदा परत आले होते. तिसऱ्यांदा परत आले असते तर काम गेलं असतं. म्हणून तिला ज्याचं डोकं छताकडे वळतं, म्हणजे उजेड छतावरून परतून चित्रावर मऊ पडतो, असा, पण स्वस्तातला, दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश हवा होता.

आम्ही दोघी दुकानात गेलो, तर त्यानं न वळणारा पुढं केला. “अम्मा, एवढ्या पैशांत हाच. वळणारा हवा तर कॅमेऱ्याच्याच कंपनीचा घ्या.”

तेवढ्यात लग्नाचे फोटो काढणारा एक जण आला. त्याला यानं खालच्या खणातून वळणारा काढून दिला, तेवढ्याच पैशांत.

“मग हा कुठला?” मी विचारलं.

“अम्मा, तो धंदेवाल्यांसाठी. पोरीला कशाला?”

“पोरगी काय भातुकली खेळते? दुसरा काढ.”

नात म्हणाली, “आजी, चल ना.” मी हलले नाही. शेवटी त्यानं काढला.

फ्लॅश चांगला निघाला, काम टिकलं. वाटेत भेटला की तो विचारतो, “अम्मा, कसा चाललाय?” मी सांगत नाही.