काठी उचल, संपा

चैत्रातल्या एका सोमवारी, सांगलीच्या एका दवाखान्यात व्हरांड्यातल्या बाकावर बसून, मी माझ्या भावजयीला सांगून टाकलं की संपत आता आत उरलेला नाही. हे बोलायला माझी जीभ कशी वळली, ते आजही मला कळत नाही. तेव्हा मात्र मी ते अगदी शांतपणे बोलले, कारण माझ्या पाठीशी यंत्र होतं, गणित होतं आणि पंचवीस वर्षांचा अनुभव होता. अहंकार नेहमी ओरडूनच बोलतो असं नाही. माझा तर फार सभ्य आवाजात बोलायचा.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते. माणसाला बोगद्यासारख्या यंत्रात झोपवून मेंदूची चित्रं काढतात, ते एमआरआय सगळ्यांना माहीत असतं. त्याचाच एक प्रकार असा, की दर दोन सेकंदांनी एक चित्र घेत राहायचं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि ते चित्रात किंचित, अगदी किंचित उजळतं. आम्ही त्या चित्राचे हजारो बारीक ठोकळे करतो आणि संगणकाकडून प्रत्येक ठोकळ्याला एकच प्रश्न विचारतो: सूचना दिली तेव्हा तू चढलास का, थांब म्हटलं तेव्हा उतरलास का? श्वासानं, हृदयाच्या ठोक्यांनी, डोकं केसभर हललं तरी त्यात कचरा मिसळतो. हजारोंना विचारलं की चार-दोन उगाचच होकार देतात. त्या खोट्या होकारांतून खरा निवडायचा, हेच माझं काम. त्यामुळे विश्वास ठेवण्यापेक्षा न ठेवण्याचीच मला सवय लागली होती, आणि ती मी घरीही घेऊन यायचे.

संपत माझा धाकटा भाऊ. आमचं गाव रहिमतपूरजवळ. तो ऊस बघायचा, आणि गावाची सासनकाठी सतरा वर्षं त्यानंच नाचवली. सासनकाठी म्हणजे ज्योतिबाला न्यायची काठी: घराच्या छपरापेक्षा उंच कळक, अंगभर रंगीत कापड गुंडाळलेलं. चार बाजूंना चौघं दोर धरून उभे राहतात आणि मधला एकटा गडी तिचा भार खांद्यावर घेऊन हलगीच्या तालावर नाचतो. संपाच्या हातात काठी गेली की परत मिळणं मुश्कील. पुढचा गडी वाट बघत उभा, लोक ओरडतायत, ‘टेकव की रं आता!’ आणि हा आपला आणखी एक फेरी मारणार. मी त्याची फार थट्टा करायचे. एकदा म्हटलं, ‘एवढा जोर लावून बांबू नाचवतोस, मिळतं काय तुला?’ तो हसला. म्हणाला, ‘आक्का, जोर लावला की पडती ती. आंग सैल सोडायचं. मग ती आपली आपण हुबी ऱ्हाती.’ मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मार्गशीर्षात बायकोला, शालनला, माहेरी सोडायला येताना सांगलीच्या अलीकडे त्याची मोटारसायकल घसरली. शालनला खरचटलं, संपाचं डोकं आपटलं. डोक्यात साचलेलं रक्त काढलं, सूज उतरली, पण तो जागा झाला नाही. डोळे उघडे असायचे आणि त्यात कुणी नसायचं. नाकातून नळी. चार महिने शालननं त्याला कुशीवर वळवलं, पुसलं, ती त्याच्याशी ऊसतोडीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं बोलली. चुलत्यांचं मत झालं होतं की आता घरी न्यायचं, नळी काढायची, मग देव नेईल तसा नेईल. शालन एवढंच म्हणाली, ‘आक्का मेंदू बघत्यात. त्या सांगतील तसं करू.’

म्हणजे माझ्या भावानं जगायचं की नाही, ते माझ्यावर आलं.

अशा रोग्याच्या आत जाण आहे का, हे बघायची एक रीत आहे. त्याला यंत्रात झोपवून सांगायचं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा. मग सांगायचं, आता स्वस्थ पडा. हातपाय हलत नसले तरी, हालचालीचा बेत जिथं शिजतो ती मेंदूच्या मध्यावरची जागा आतल्या आत कामाला लागते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी परवानगी दिली. पुण्यात वापरतो त्याच सूचना मी त्याच्या कानावर घातल्या: ‘कृपया अशी कल्पना करा की आपण टेनिस खेळत आहात.’ माझाच आवाज, बातम्या वाचल्यासारखा. रात्रीतून आकडे काढले, पुन्हा तपासले. काहीच नव्हतं. नुसता कचरा.

काही न सापडणं म्हणजे काही नसणं नव्हे, हे मी नव्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. सोमवारी त्या बाकावर मला ते आठवलं नाही. चार महिन्यांत मी इतकी दमले होते की कुठलंही उत्तर चाललं असतं, हे आता कबूल करते. शालन रडली नाही. पदर नीट केला आणि आत जाऊन त्याचे पाय चेपत बसली. गुरुवारी न्यायचं ठरलं.

मंगळवारी दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा शालन औषधं आणायला खाली गेली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या रोग्याची बायको संपाच्या खांद्याला तेल चोळत होती. माधवनगरच्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. ठसठशीत कुंकू, हातावर गोंदण, कमरेला चंची. त्यांच्या मालकांचं चोळून झालं की उरलेलं तेल त्या संपाला लावायच्या, असं शालन म्हणाली होती. मला बघून त्यांनी विचारलं, ‘आवं बाई, ह्यो घट्टा कशाचा वं ह्येच्या खांद्यावर?’

मी वाकून पाहिलं. उजव्या खांद्यावर, मानेच्या बुंध्याशी, रुपयाएवढी जाड, काळपट कातडी. भावाच्या मेंदूचा ठोकळा न् ठोकळा मी तपासला होता. खांदा पाहिला नव्हता.

‘काठीचा,’ मी म्हटलं. ‘सासनकाठी नाचवायचा.’

बाईंचा हात थांबला. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मला शाळेत असल्यासारखं झालं. ‘तुमची भावजय सांगत हुती, तुमी त्येला कसलं टेनिस खेळाय लावलं म्हून. आवं, त्येनं जन्मात कवा टेनिस बघितलंय का? काठी उचलाय सांगा की त्येला! चैत लागलाय. त्येच्या खांद्याला ठावं हाय, तुमाला न्हाई व्हय?’

मग त्यांनी चंचीतून, ज्योतिबाला वाहतात त्या दवण्याची वाळकी काडी काढली आणि संपाच्या उशाखाली सारली. दवण्याचा वास आला आणि मला एकदम आमचं अंगण दिसलं, गुलालानं लाल झालेलं, दोराला धरून मागे रेललेले चुलते, आणि मध्ये तोंड वर करून हसणारा संपा. मी तिथंच खाटेच्या लोखंडाला धरून रडले. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला न सुचलेली ही गोष्ट. सुचलीच असती तर शास्त्रातही बसत होती. ज्यानं जी हालचाल आयुष्यभर केली, तीच कल्पनेत पक्की उमटते. मला ते पाठ होतं. फक्त आपला भाऊ कोण आहे, हे मी विसरले होते.

बुधवारी दुपारी दोन रोग्यांच्या मधला अर्धा तास डॉक्टरांनी दिला. काचेपलीकडे संपा बोगद्यात, अलीकडे मी आणि यंत्र चालवणारे तानाजीराव. या वेळी कागदावर काही लिहून नेलं नव्हतं. माइकची कळ दाबली, घसा खाकरला आणि तीस वर्षं पुण्यात राहून चोपून बसवलेली भाषा आपोआप सुटली. ‘संपा, मी आक्का बोलतीय रं. चैताची पुनव आली. काठी दारात हाय. मी उचल म्हटलं की उचलायची, नाचवायची. टेकव म्हटलं की टेकवायची.’

आणि इथं मी अडले. आमच्याकडे कुणी नुसती काठी उचलत नाही. एक शब्द असतो, त्याशिवाय हात लागत नाही. तो शब्द मी कॉलेजात गेल्यापासून उच्चारला नव्हता. देवळात सगळे म्हणायचे तेव्हा मी चपला सांभाळत बाहेर उभी असायचे. पण संपाला तो ऐकल्याशिवाय उठता येणार नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. मी डोळे मिटले आणि ओरडले, ‘ज्योतिबाच्या नावानं...’

‘चांगभलं!’ तानाजीराव. पडद्यावरची नजर न काढता, सवयीनं.

‘उचल, संपा!’

अर्धं मिनिट उचल, अर्धं मिनिट टेकव, अशा पाच फेऱ्या. शेवटी एक मिनिट नुसतं शांत. काचेपलीकडे काहीही हललं नाही. त्याची पावलं चादरीखाली होती तशीच होती.

आकडे मी स्वतः काढले नाहीत. आपल्याला हवं तेच दिसायची भीती होती, आणि त्या दिवशी मला किती हवं होतं ते मलाच ठाऊक. चित्रांवरचं नाव काढून टाकलं, पहिली सूचना कुठल्या सेकंदाला आणि दुसरी कुठल्या, एवढंच लिहिलं आणि पुण्याला माझी सहकारी मीनल हिला पाठवलं. हा कोण, त्याला काय सांगितलं होतं, काही कळवलं नाही.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या दारात गाडी येऊन उभी होती. चुलते आले होते. शालननं पिशव्या भरल्या होत्या. तेवढ्यात मीनलचा फोन आला.

‘कोण आहे गं हा माणूस?’ ती म्हणाली. ‘मध्यावरची जागा लख्ख आहे. पहिल्या सूचनेला चढतोय, दुसरीला उतरतोय. मी तीनदा करून बघितलं. फक्त पाचव्या फेरीत काहीतरी झालंय. दुसऱ्या सूचनेनंतर रेघ उतरतच नाही. शेवटपर्यंत वरच आहे. त्यानं ऐकलेलं नाही.’

दरवर्षी अंगणात हेच व्हायचं. टेकव की रं आता! आणि हा आणखी एक फेरी. पुढे कधी शांतपणे मी त्या रेघेची चार साधी कारणं मांडू शकले: थकवा, सूचना निसटणं, आणखी काही. ती मी कुणी विचारलं तर सांगतेही. पण त्या सकाळी व्हरांड्यात उभी असताना माझ्या अंगावर काटा आला तो कारणांनी जात नव्हता. चार महिने त्या उघड्या डोळ्यांमागे माझा भाऊ होता. सोमवारी मी ‘तो आत नाही’ म्हणाले, तेव्हाही होता.

मी शालनला सांगितलं, तिचे हात धरून, तिची माफी मागत. ती पिशवीतून एकेक वस्तू परत काढत म्हणाली, ‘मला ठावं हुतं, आक्का. त्येंचा हात माझ्या हातात निराळा लागायचा. पर तुमी शिकलेल्या, म्हून गप बसले.’ एवढंच. तिनं मला एका शब्दानं दुखवलं नाही, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं. चुलत्यांनी गाडी रिकामीच परत पाठवली.

वॉर्डात गेले तर शेजारची खाट रिकामी होती, गादी उलटी टाकलेली. मालकांना आदल्या संध्याकाळीच घरी सोडलं होतं. माधवनगर काही लांब नाही; शोधल्या असत्या तर त्या बाई सापडल्या असत्या. मी शोधलं नाही. त्या कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको, एवढंच असणार. तेवढंच पुरे होतं. ज्यानं पाठवायचं त्यानं तेल चोळणाऱ्या हाताला पाठवलं, आणि मला वाकून बघायला लावलं.

याला आता वर्ष झालं. संपा घरी आहे. चालत नाही, बोलत नाही. पुढे काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. पण नजर माणसामागे फिरते, आणि ‘हो’ म्हणायचं असेल तर उजवा अंगठा हलतो. यंदा ज्योतिबाच्या डोंगराकडे निघण्याआधी गावानं काठी आमच्या अंगणात आणली. खुर्चीशेजारी तिचा बुंधा टेकवून शालननं संपाचा तळहात त्यावर ठेवला. दोर धरायला एक माणूस कमी होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी धरला. काठी हलली की माझा जीव खालीवर व्हायचा आणि मी दोर आणखी आवळायचे. शेजारचा गडी हसून म्हणाला, ‘आक्का, सैल सोडा की जरा. आवळल्यावर पडंल ती.’ मी सोडला. काठी उभी राहिली. खुर्चीत संपाचा अंगठा हलत होता.

त्या पाच फेऱ्यांच्या आलेखाचा कागद शालननं माझ्याकडून मागून घेतला होता. तो तिनं देव्हाऱ्यात ठेवलाय, आणि रोज त्यावर चिमूटभर गुलाल टाकते. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, अगं, खराब होईल तो. आता मीही गावी गेले की चिमूट टाकते आणि हात जोडते. सगळा कागद लाल झालाय. पाचव्या फेरीची रेघ त्याखाली कुठंतरी आहे, अजून खाली न उतरलेली.