छबुबाईच्या आंदणाच्या शेळ्या

योगिता लग्न होऊन सिरसाळ्याला आली, तेव्हा तिला वाटलं, सासूबाई लई फेकतात. आता हे सांगताना तीच पदर तोंडाला लावून हसते. पण तेव्हा माहेरी फोन करून म्हणाली होती, आमच्या सासूबाई स्वतःला रेडिओवरच्या समजतात.

तिचं तरी काय चुकलं? छबुबाई शेळ्या राखणारी बाई. आणि नवऱ्याशी वाद झाला, की एकच पालुपद, हे रेडिओवर झालेलं हाय.

वाद तरी कसला? छबुबाईला लग्नात माहेरनं एक शेळी आंदण दिली होती. आंदणाच्या शेळीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी बाईची, असा धनगरांचा रिवाज. ती म्हणायची, सगळा कळप त्याच शेळीचा. नवरा गहिनीनाथ म्हणायचा, तुझी शेळी कवाच मेली, ह्या माझ्या बापाच्या.

फार वर्षांमागं सरकारी रेडिओवाले शेळ्यांवर कार्यक्रम करायला आले होते, एवढं खरं. पण तो लागला त्या दिवशी घरातला एकुलता एक रेडिओ गहिनीनाथच्या गळ्यात, रानात. संध्याकाळी येऊन म्हणाला, ऐन वक्ताला सेल संपले. झालं, पुरावा हवेत गेला.

यंदा तर त्यानं कहर केला. केजच्या दाजींना, शहादेवला, कबरी शेळी परस्पर कबूल करून बसला. कबरीत छबुबाईचा जीव. आणि दाजी दोरी घेऊन दारात हजर.

आता रेडिओवाल्यांनी जुने कार्यक्रम मोबाईलवर ठेवलेत, पॉडकास्ट म्हणतात त्याला, कवाबी लावा, कवाबी ऐका. योगिता काही दिवसांपासून त्यात हुडकत होती. सासूची फेकाफेक उघडी पाडायला, बरं का. त्या सकाळीच तिला तो कार्यक्रम सापडला, आणि तिचंच तोंड उघडं पडलं. तिनं मोबाईल ओट्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

आधी शेळ्या ओरडल्या. मग तरण्या छबुबाईचा ठसठशीत आवाज, नव्या पिल्लाला आधी चीक कसा पाजायचा ते सांगणारा. शेजारची सुंदरबाई भाकरी टाकून धावत आली. मग रेडिओवाल्यानं मालकाला बोलायला सांगितलं. माईकला भ्यालेला गहिनीनाथ घाईघाईनं बोलला, "मला नका इचारू सायब. शेळ्या तिच्या आंदनाच्या. मी निस्ता वळतो."

दाजी दोरीसकट खाली बसले.

"त्यो माझा आवाज न्हाई," गहिनीनाथ म्हणाला आणि खोकला. मोबाईलमधला गहिनीनाथही अगदी तसाच खोकला.

योगितानं सासूकडं असं पाहिलं, जणू ती आजच सून म्हणून घरात आली होती.

छबुबाई हसली नाही की ओरडली नाही. कबरीला खुंट्याला बांधलं, दाजींना चहा टाकायला योगिताला सांगितलं, आणि नवऱ्याकडं वळली.

"अवो, परत लावू का? ह्याचे सेल संपत न्हाईत."

"ऱ्हाऊ दे," म्हणून गहिनीनाथनं काठी उचलली आणि तिच्या शेळ्या वळायला निघाला.