जेवल्यावरच्या फेऱ्या

त्या अष्टमीच्या सकाळी देवघरासमोर उभा राहिलो, पण हात जोडवेनात. घरात घट बसले होते, उदबत्तीचा वास होता, बायकोने ताटलीत फुलं काढून ठेवली होती. मी मात्र आदल्या दिवशी प्रयोगशाळेत पाहिलेल्या एका आकड्यापासून हललो नव्हतो. ज्या माणसाच्या हातून असं घडलं, त्याने कोणत्या तोंडाने देवीसमोर काही मागायचं?

माझं काम थोडक्यात सांगायला हवं. गेली अनेक वर्षं मी शरीरातल्या चरबीचा अभ्यास करतो. चरबी म्हणजे नुसतं ओझं, असं लोक समजतात. पण गरोदर बाईच्या अंगातली चरबी ही तिच्या बाळासाठी भरून ठेवलेली कोठी असते. ती कोठी नीट चालेनाशी झाली की इन्सुलिन असूनही उपयोग होत नाही, रक्तात साखर साचते, आणि ती साखर नाळेतून बाळापर्यंत जाते. बाळ बेसुमार वाढतं. बघणारे म्हणतात, केवढं गोंडस! पण बाळंतपणात आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. माझ्या आईचं पहिलं मूल असंच गोंडस होतं. लाखांदूरकडच्या आमच्या गावात ते जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं. लोक म्हणाले, दृष्ट लागली. आई दर नवरात्रात गावच्या मातामायपुढे, म्हणजे ग्रामदेवीपुढे, त्याच्या नावाचा एक दिवा लावायची. मी हा विषय का निवडला असं कोणी विचारलं की मी पुस्तकी उत्तर देतो. खरं उत्तर तो दिवा आहे.

आमच्या अभ्यासात दोन गट होते. एका गटात वजन जास्त असलेल्या गरोदर बाया, दुसऱ्यात तुलनेसाठी अंगाने बारीक आणि निरोगी बाया. पहिल्या गटाचं रक्त त्याच दिवशी तपासून रिपोर्ट हातात देत होतो. दुसऱ्या गटाच्या नळ्या गोठवून ठेवायच्या आणि सगळ्या जमल्या की एकदम तपासायच्या, हा निर्णय माझा होता. एकाच वेळी तपासलं की आकडे जास्त काटेकोर येतात, हे त्याचं शास्त्रीय कारण. मनातलं कारण एवढंच, की बारीक बाईला काय होणार आहे? आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या माणसांतही चरबी आत, भलत्या जागी साठते, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवतो. शिकवतो आणि विसरतो.

नवरात्रातल्या सातव्या दिवशी त्या नळ्या उघडल्या. एकेचाळीस क्रमांकाच्या नळीत साखर इतकी होती की मी ती तीनदा तपासली. रक्त पाच आठवड्यांपूर्वीचं होतं. कुलूपबंद वहीतून क्रमांकामागचं नाव काढलं. तिला मी इथे सुमन म्हणेन. वय बावीस, पहिलटकरीण. म्हणजे आता आठवा महिना संपत आलेला. पाच आठवडे ती साखर बाळाकडे जात होती आणि तिची खबर माझ्या फ्रीजमध्ये गोठून पडली होती. फोन लावला. नंबर नवऱ्याचा होता आणि तो बंद होता. वरिष्ठांना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, देवीला हात न जोडताच, साखर मोजायचं यंत्र पिशवीत टाकून नागपूरहून साकोलीची एसटी धरली.

अर्जावर साकोलीजवळच्या सानगडीचा पत्ता होता. घर सापडलं, दाराला कुलूप. शेजारची बाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती.

"सुमन कुठे आहे?" मी विचारलं.

"थे त माहेरी गेली ना जी. सातवा सरत आला अन् गेली. सासूसासरे वावरात, नवरा तिकडं रस्त्याच्या कामावर, परराज्यात."

"माहेर कोणत्या गावचं?"

"लाखांदूरच्या अंगाले हाये कुठंतरी. नाव नाई येत ध्यानात." मग तिने मला खालून वर न्याहाळलं. "पहिलं बाळंतपण सासरी करते का कोनी? तुमच्या घरी करते का?"

तिचं बोलणं थेट लागलं. आमचा अर्ज बाहेरच्या देशातल्या अभ्यासावरून बेतलेला. त्यात वय, वजन, उंची, पत्ता, फोन, सगळं होतं. माहेर कुठलं, हा रकानाच नव्हता. मी याच मातीतला. माझ्या बहिणी, माझी बायको, सगळ्या पहिल्या वेळी सातव्या महिन्यात माहेरी गेल्या. तरीही शेकडो बायांना आम्ही तो प्रश्न विचारला नाही.

आणखी दहा घरी विचारलं. बहुतेक माणसं शेतावर होती. घरी असलेल्या म्हाताऱ्यांपैकी प्रत्येकाने वेगळं गाव सांगितलं. दुपार झाली. तलावाच्या पाळीशी, म्हणजे बांधापाशी, कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं होतं, शेंदूर लावलेले दगड आणि वर लाल झेंडी. तिथे मटकन बसलो. हात तेव्हाही जोडले नाहीत. तोंडातून एवढंच आलं, "माय, चूक माझी आहे. त्या पोरीला शिक्षा नको. मला आता काही सुचत नाही." इतकी वर्षं मी देवाकडे मागत आलो ते सोबत माझी योजना जोडून. हे कर, असं कर. त्या दिवशी माझ्याकडे कुठलीच योजना शिल्लक नव्हती.

जरा वेळाने डोक्यावर टोपली घेतलेली एक साठीची बाई पाळीवरून आली. टोपली उतरवून तिने ठाण्यावर पाणी घातलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोन गावचे जी? पीक इम्याचे का?"

"नाही मावशी."

"मंग पोरगी पाहाले आले असान. तोंड त तसंच केलं, पोरगी पसंत नाई पडल्यावानी."

मला त्या अवस्थेतही हसू आलं. टोपलीत हिरवे शिंगाडे होते, तलावातून नुकतेच काढलेले. ती मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरची. "नवरात्रात मासोळीले कोनी विचारत नाई," ती म्हणाली, "शिंगाड्याले मात्र उपासवाले टपून असतात. मी बसनं गावोगाव जातो." गावोगाव म्हटल्यावर मी सुमनचं नाव काढलं.

"थे काय? तिच्या मायच्या घरीच त हे शिंगाडे नेऊन राहिली मी. उपासाले पायजेत म्हने."

माहेर सापडलं म्हणून आनंद व्हावा, तर उपास हा शब्दच कानात राहिला. रक्तात एवढी साखर असलेली आठव्या महिन्याची पोर नऊ दिवसांचा उपास करते आहे! दिवसभर उपाशी राहायचं आणि मग साबुदाणा, बटाटा, शिंगाडा. मावशीबरोबर बसमध्ये बसलो. ती वाटेत लेकीच्या गावाचं, धानावरल्या किडीचं, कंडक्टरच्या मिशांचं बोलत होती. मला अर्धंही ऐकू येत नव्हतं, आणि मी कशासाठी निघालोय हे तिला सांगायचंही सुचलं नाही. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर तिने एक घर दाखवलं आणि म्हणाली, "तुम्ही व्हा समोर, मी बाकीच्या घरी शिंगाडे देऊन येतो."

घरी सुमनची आई होती. मी कोण, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा कठीण होत गेला.

"एवढे शिकलेले तुम्ही," ती म्हणाली, "अन् पाच हप्ते तुमाले एक निरोप धाडता नाई आला?"

मी मान खाली घातली.

तेवढ्यात मागच्या वाटेने सुमन आली. गावाची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, घरामागेच होती. ती तिच्या पाळीवरून पदराने घाम पुसत येत होती. चेहरा उजळ, पाय सुजलेले नाहीत. मी घाईघाईने विचारलं, "उपास कितवा?"

"माहा कुठला उपास? माय करते माह्या वाटचा." ती हसली. "मले मातामायनं उपास बंद केला."

मग तिच्या आईने सांगितलं ते असं. महिन्याभरापूर्वी शिंगाडेवाली मावशी घरी आली असताना सुमन तांब्यामागून तांबे पाणी पीत होती. मावशीने बळेच तिला नर्सबाईकडे नेलं. साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी भात कमी करून थोडं थोडं, वेळेवर खायला सांगितलं, दर आठवड्याला तपासणी लावली आणि प्रत्येक जेवणानंतर चालायला सांगितलं. पोर चालेना. पोट घेऊन गावातून फिरायची लाज. वरून नवरात्राचा उपास धरायचा हट्ट. तेव्हा मावशी म्हणाली, मातामायनं सपनात येऊन सांगतलं, दोन जीवाचीचा उपास मी घेत नाई. तिनं बोडीच्या पाळीवर फेऱ्या घालाव्या, रोज, बाळ होईपर्यंत. अन् जेवल्यावरच. उपाशीपोटीच्या फेऱ्या मी मोजत नाई.

मी तपासणीचं कार्ड मागितलं. पहिला आकडा माझ्या नळीतल्या आकड्याचा सख्खा भाऊ होता. नंतर दर आठवड्याला तो उतरत गेला होता. माझं यंत्र काढून बोटातून थेंब घेतला. जेवून दोन तास झाले होते. आकडा जिथे असायला हवा, तिथेच होता. मी ओसरीच्या खांबाला टेकलो आणि मोठा माणूस रडू नये तसा रडलो. सुमनने पाणी आणून दिलं. "म्हंजे माहं रक्त तुमच्या फ्रीजमंदी आरामात होतं," ती म्हणाली, "अन् इकडं माहे पाय दुखून राहिले होते." तिची आईही मग हसली, जरा उशिरा, जरा कमी. जाताना मात्र तिने माझ्याकडून पुढच्या सगळ्या तपासण्यांना स्वतः हजर राहायचा शब्द घेतला.

परतताना फाट्यावर मावशी रिकामी टोपली घेऊन बसची वाट पाहत होती. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला मातामाय खरंच स्वप्नात आली होती?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कायची येते जी? नर्सबाई म्हने चाल, डाक्टर म्हने चाल, पोट्टी आयकेच ना. मंग देवीच्या नावानं बोलली मी. तुम्ही शिकलेले हा, सांगा बरं, पाप लागन का?"

महिनाभर ती हे मनात घेऊन फिरत असावी. माझ्याजवळ तंतोतंत खरा आकडा होता आणि तो मी गोठवून ठेवला होता. हिने एक खोटं बोलून दोन जीव चालते ठेवले होते. पापाचा हिशेब तिने माझ्याकडे मागावा!

"मावशी," मी म्हणालो, "मातामायला बोलायचं असेल तर ती कोणाच्या तरी तोंडानेच बोलणार ना?"

तिने टोपली मांडीवर ओढली. "असं म्हनता? मंग बरं झालं." आणि पदराच्या गाठीतून दोन उकडलेले शिंगाडे काढून माझ्या हातावर ठेवले.

बसमध्ये माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. मी ठाण्यासमोर बसून मदत मागितली ती दुपारी. मदत मात्र महिन्याआधीच निघाली होती, माझी नळी बंद असताना, माझी चूक मला ठाऊकही नसताना. ती मावशीच्या शहाणपणाने निघाली की आणखी कोणाच्या, हे मी सिद्ध करायला जात नाही. आयुष्यभर सिद्ध करण्याचंच काम केलं आहे. एवढं एक तसंच राहू द्यावं, असं वाटतं. देवीने माझी चूक पुसली, असंही मी म्हणत नाही. तिने ती माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडली नाही, इतकंच.

परतल्यावर त्या गटातल्या सगळ्या बायांना शोधून त्यांचे रिपोर्ट पोहोचवले. बाकी सगळ्या ठीक होत्या. आता एकही नळी गोठून वाट पाहत नाही, आणि अर्जावर पत्त्याच्या वरच रकाना आहे: बाळंतपणाला कुठे जाणार? सुमनला दिवाळीनंतर मुलगी झाली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात वजनकाट्यावर ती ठेवली तेव्हा मी बाहेरच होतो. नर्स म्हणाली, बेताची आहे, अगदी बेताची. इतका सुंदर शब्द मी यापूर्वी ऐकला नव्हता.

आता दर अष्टमीला मी आमच्या गावी जातो. आईच्या मागे बंद पडलेला तो दिवा पुन्हा लावतो. मग बहिणीकडे पोटभर जेवतो आणि तलावाच्या पाळीवर पाच फेऱ्या घालतो. बहीण म्हणते, आधी फेऱ्या, मग जेवण, अशी रीत आहे. मी तिला सांगतो, बाई, आमची मातामाय उपाशीपोटीच्या फेऱ्या मोजत नाही.