आमच्या नळाचा वास

माझं कुणी खरं मानलं नाही, हे आधीच सांगते. चौथी शिकलेल्या बाईचं नाक म्हणजे काय लॅब आहे! गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत पाण्याचे किस्से टाकीतल्या गाळासारखे साचलेत. सांगताना हसू येतं, पण नुसतं हसून भागत नाही. घरात चार वर्षांची नात आहे ना, ओवी.

*

नळाला गटाराचा वास यायला लागला. समोरची जोशीबाई, सरकारी ऑफिसर, म्हणाली, "काकू, तुम्हाला सगळ्यातच वास येतो!"

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात विकतच्या पाण्याचा जार. मला बोलली का? नाही!

*

सोसायटीचा सेक्रेटरी पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर घेऊन घरोघर फिरला. आमच्या पेल्यात बुडवलं. "देखिए आंटी, टीडीएस एकदम बढ़िया!"

"इसमें गटर मिला है कि नहीं, ये बताता है?"

"आंटी, मशीन है, ज्योतिषी नहीं!"

मी पेला त्याच्यापुढे धरला. "तो पीजिए."

"आज मेरा व्रत है."

*

मग टेस्टिंगवाला आला. नमुना घेतला कुठून? सेक्रेटरीच्या किचनमधून, आरओच्या नळातून! मी आमच्या नळाची बाटली भरून लिफ्टपाशी उभी राहिले.

"मॅडम, बाहर का सॅम्पल नहीं चलता."

"अरे, इसी बिल्डिंग में रहती हूँ, पानिपत में नहीं!"

रिपोर्ट आला, पाणी उत्तम. ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. मी तिथेच बोलून टाकलं, "उबालके पियो, बच्चों को संभालो." ॲडमिननं मलाच काढलं. म्हणे, फ्लॅटचे रेट पडतील!

*

ओवीला मी उकळूनच देत होते. पण दात घासताना पोर चूळ गिळायची. एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले.

डॉक्टरनं पहिलं विचारलं, "पानी कहाँ का पीती है?"

सून म्हणाली, "आई, इथे तरी ओरडू नका."

मी कुठे ओरडत होते? एवढ्याशा हाताला सलाईन लावलेलं मला बघवत नव्हतं.

*

त्याच आठवड्यात आणखी पोरं पिवळी पडली. सोसायटीनं मीटिंग बोलावली. मी हॉस्पिटलमधून तशीच गेले.

सेक्रेटरी माइकवर म्हणाला, "घबराइए मत, सोर्स मिल गया है. बीमारी पानी से नहीं, एक घर से फैली है. जो सबसे पहले बीमार पड़ा, वही लाया."

जोशीबाई खाली बघत होती.

मी उठले. "नाम लो! हिम्मत है तो नाम लो!"

त्यानं शांतपणे चष्मा पुसला, माइक जवळ घेतला.

"बी ब्लॉक, तीसरी मंज़िल. ओवी."