एक नेली जाईल

ताई घाबरट आहे हे लाँड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाठीमागून कुणी नुसती हाक मारली तरी तिच्या हातातला कपडा खाली पडायचा. बॉयलर सांभाळणारे काका म्हणायचे, "हिच्या दचकण्याचा पगार वेगळा धरायला हवा." ताईही हसायची. आई गेली तेव्हा धाकटी अजून फ्रॉकमध्ये होती आणि ताई स्वतः काही फार मोठी नव्हती. धाकटीच्या वेण्या घालणं, तिला शाळेत पोचवणं, तापात तिच्या उशाशी बसणं, सगळं ताईने केलं. त्यात एक धास्ती तिच्या अंगात मुरली ती मुरलीच. आपण क्षणभर पाठ फिरवू, वळून पाहू, आणि ही नसेल.

लाँड्री होती मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या लांबट शेडमध्ये. वॉर्डातल्या चादरी, डॉक्टरांचे डगले, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं तिथेच धुतलं जायचं. दोघी बहिणी चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्राच्या तापलेल्या रुळावर कामाला होत्या. ओली चादर दोघींनी दोन बाजूंनी धरायची, एक झटका द्यायचा, टोकं जुळवायची आणि रुळात सरकवायची. दिवसभर समोरासमोर. लग्न दोघींचंही झालं नाही. कुणी विचारलं तर धाकटी म्हणायची, "ताईला बरोबर घेऊन येईन, ही माझी अट कुणाला परवडत नाही."

रविवारी त्या उपासनेला जायच्या. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांची छोटीशी ख्रिस्ती मंडळी जमायची. तिथे एक निवृत्त शाळामास्तर पवित्र शास्त्राचा वर्ग घ्यायला लागले. उतारवयात त्यांनी स्वतःच्या हिमतीवर जुनी ग्रीक भाषा शिकून घेतली होती, म्हणून त्यांचं नाव पडलं ग्रीक मास्तर. शास्त्रातला एखादा शब्द ते फळ्यावर लिहायचे आणि कांदा सोलावा तसा पापुद्रा पापुद्रा सोलायचे. माणूस मनाने वाईट नव्हता. पण आवाज असा लावायचे की पुढच्या रांगेतल्या बायका पदर घट्ट धरून बसायच्या.

त्या वर्षी त्यांनी शेवटच्या काळाचा, प्रभू परत येऊन आपल्या माणसांना वर नेईल त्या दिवसांचा विषय घेतला. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, 'थ्लिप्सिस'.

"आपण याला संकट म्हणतो," मास्तर म्हणाले, "पण मूळ शब्द नुसता संकटाचा नाही. दाबण्याचा आहे. द्राक्षं दाबून रस काढतात ना, तसं."

दुसऱ्या दिवशी चादर सरकवताना ताईची नजर रुळावरून हलेना. गरम, जड, थांबायचं नाव न घेणारा तो रूळ.

पण खरा घाव बसला पुढच्या रविवारी. मास्तरांनी त्या दिवसाबद्दलचं एक वचन घेतलं. दोन बायका जात्यावर दळत असतील, त्यातली एक नेली जाईल आणि दुसरी राहील. "त्या काळी जातं दोघी मिळून ओढायच्या," ते म्हणाले, "समोरासमोर बसून. खुंटा एकच, हात दोघींचे." ताईने न बघताच धाकटीचं मनगट धरलं. मास्तर पुढे बोलत होते. "नेली जाईल, याला शब्द आहे पारालाम्बानो. आपल्या माणसाला आपल्याजवळ घेऊन जाणं. आणि राहील, याला आहे आफिएमी. सोडणं. टाकणं. नवऱ्याने बायकोला टाकलं तर तिथेही हाच शब्द वापरलाय."

टाकलेली. हा शब्द घेऊन ताई जिना उतरली.

कोण नेली जाणार आणि कोण टाकली जाणार, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. प्रार्थनेच्या वेळी धाकटीचा चेहरा कसा उजळायचा. बाकीच्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या. ताई डोळे मिटून बसायची आणि तिच्या डोक्यात यायचं काय, तर तिसऱ्या वॉर्डातले रक्ताचे डाग थंड पाण्यात भिजवले की नाही. आत काही हलायचंच नाही. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण ज्याला कळायचं त्याला कळलेलंच असणार.

तेव्हापासून तिने धाकटीची पाठ सोडली नाही. धाकटी दुकानात गेली की ही दारात उभी. बाथरूममध्ये गेली की बाहेरून, "बोलत राहा गं, ऐकू येऊ दे मला."

"ताई," आतून आवाज यायचा, "न्यायचंच असेल तर निदान साबण धुवून होईपर्यंत तरी थांबतील."

ताईला हसू यायचं नाही. तिचं जेवण तुटलं, गालफडं बसली. काकांनी एकदा बाजूला घेऊन विचारलंही, "बरं नाही का?" काय सांगणार? मान हलवून ती कामाला लागली.

आणि मग तो दिवस आला. दुपारची वेळ. ताई सुकवणीच्या खोलीत गठ्ठे आणायला गेली होती. तिथले ड्रम असे घरघरतात की दार लावलं की बाहेर ढोल वाजले तरी कळू नये. गठ्ठे गाडीवर रचून तिने दार ढकललं आणि ती जागीच थिजली.

शेडमध्ये कुणीच नव्हतं.

रूळ फिरत होता. एक चादर अर्धी आत गेलेली, तिचं उरलेलं टोक धाकटीच्या बाजूने जमिनीवर लोळत पुढे सरकत होतं. टेबलावर कपात चहा होता, त्यावर अजून साय धरली नव्हती. इस्त्री कापडावर तशीच टेकलेली, धूर निघत होता. सगळीकडे पांढरी वाफ दाटली होती. आणि धाकटीच्या जागेवर तिच्या चपला. एक सरळ, एक उलटी.

"छोटे," ताईने हाक मारली. तिने पुन्हा हाक मारली. रुळाच्या गुरगुरण्याशिवाय काही नाही.

झालं, तिला वाटलं. जे व्हायचं ते झालं, आणि आपण ड्रममधून कपडे काढत होतो. कपाटाला धरून ती कशीबशी उभी राहिली. रडू येत नव्हतं. भीती इतकी होती की रडण्यालाही जागा उरली नव्हती. मग ती पुढच्या दाराने रस्त्यावर धावली.

रस्त्यावर सगळं नेहमीसारखं चालू होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. बस थांबली होती. चांभार टाच ठोकत होता. एक बाई लेकराला ओढत नेत होती. हे सगळे राहिलेले, ताईच्या मनात आलं, आणि यांना अजून पत्ताच नाही. चांभाराने तिच्याकडे पाहून विचारलं, "काय झालं बाई?" ती न थांबता पळत राहिली.

टायरच्या दुकानावरच्या हॉलचं दार उघडं होतं. आत मास्तर एकटेच ओल्या फडक्याने फळा पुसत होते. त्यांना पाहून ताई उंबऱ्यातच बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा राहिलात?"

मास्तरांना आधी कळलं नाही. ताई तुटक तुटक बोलली: शेड रिकामी, चपला तिथेच, छोटीला नेलं. मग त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. फडकं हातातून सुटलं. ते खिडकीशी गेले, खाली बघितलं, वर बघितलं. खिशातून फोन काढून त्यांनी घरचा नंबर लावला. फोन कानाला लावून ते उभे राहिले, आणि ताई त्यांच्याकडे बघत राहिली. पलीकडून बायकोचा आवाज आला तसे ते खुर्चीत कोसळले.

"काही नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "सहज केला." फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. "ती आहे घरी. ती आहे म्हणजे अजून काही झालेलं नाही. मला मागे ठेवतील, पण तिला नाही ठेवायचे." मग ते उठले. "चला. तिथे दुसरंच काहीतरी झालंय."

लाँड्रीच्या मागच्या आवारात सगळे उभे होते. बॉयलरची झडप अडकली होती, दाब चढत चालला होता. काकांनी शिटी फुंकून सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर पिटाळलं होतं. ड्रमच्या आवाजात ती शिटी ताईपर्यंत पोचलीच नव्हती. आता वाफ सोडून झाली होती, धोका टळला होता. ताईला पाहताच काका पुढे आले.

"होतीस कुठे तू? छोटी तुला आणायला परत आत घुसली. मी दंड धरला तर हिसडा देऊन गेली. सुकवणीची खोली उघडून बघते तर तू नाहीस, आणि परत येताना वाफेच्या नळीचा सांधा सुटला."

"आता कुठे आहे ती?"

"वर नेलंय तिला," काका म्हणाले.

ताईचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मास्तरांनी तिला सावरलं. काकांनी गोंधळून हॉस्पिटलच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "अगं वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर. भाजलेल्यांच्या वॉर्डात."

धाकटीचा उजवा हात खांद्यापर्यंत बँडेजमध्ये होता. औषधाने तिची जीभ जड झाली होती.

"तू आत नव्हतीस?" तिने विचारलं.

"नव्हते."

"मग मी कशाला गेले गं." ती हसायला गेली आणि कळ येऊन थांबली. ताईने आपण कुठे गेलो होतो ते सांगितलं, काय वाटलं तेही सांगितलं. धाकटीने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "नेण्याआधी मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं." आणि तिचा डोळा लागला.

बाहेरच्या बाकावर मास्तर बसून होते. ताई शेजारी बसली.

"तो दुसरा शब्द," मास्तर म्हणाले. "टाकणं. त्याचा अजून एक अर्थ आहे. आपण म्हणतो ना, जाऊ दे, सोडून दे त्याला? माफ करणं. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमा कर म्हणतो, तिथेही तोच शब्द आहे."

ताई वळली.

"आणि त्या वचनाच्या थोडं आधी जलप्रलय आहे," ते खाली बघत म्हणाले. "तिथे जे वाहून नेले गेले ते बुडाले. राहिले ते नावेत होते. शब्द वेगळा आहे, पण म्हणून काही जाणकार म्हणतात की नेली जाणं हेच वाईट आणि राहणं चांगलं. काही उलट म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मला माहीत नाही."

"हे त्या रविवारी ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?" ताईचा आवाज चढला नाही. "महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ती माझ्यासाठी त्या वाफेत शिरली."

"भीती घातली की लोक ऐकतात," मास्तर म्हणाले. "आणि मी स्वतःच भितो. भिणाऱ्याला सोबत हवी असते." मग हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

ताईने त्यांना माफ केलं की नाही, हे तिलाही लगेच सांगता आलं नसतं. पण पुढच्या रविवारी मास्तरांनी हे सगळं मंडळीसमोर सांगितलं. शब्दाचे दोन्ही अर्थ फळ्यावर मांडले आणि शेवटी 'मला माहीत नाही' असं तोंडाने म्हटलं. काही लोकांना ते रुचलं नाही. ते दुसरीकडे जाऊ लागले, जिथे सगळं पक्कं सांगत. ताई तिथेच राहिली.

धाकटीच्या हाताची जखम भरली, पण कातडी आखडलेली राहिली आणि वाफ सोसेना. तिला फाटक्या चादरी शिवायच्या विभागात बसवलं. रुळावर ताईच्या समोर नवीन बाई आली. ती सासूच्या कागाळ्या अखंड सांगायची. सुरुवातीला प्रत्येक चादरीला ताई मान वर करायची आणि समोर परका चेहरा पाहून तिच्या पोटात खड्डा पडायचा. हळूहळू तो खड्डा उथळ होत गेला. पुरता बुजला नाही.

हिवाळ्यात मंडळीतल्या बायका दोन दिवसांच्या शिबिराला निघाल्या. धाकटीला जायचं होतं. ताईने तिची पिशवी भरून दिली. धाकटी परतली तेव्हा ताई भाजी निवडत बसली होती. घरातले सगळे दिवे भर दुपारी चालू होते.

"घाबरलीस?" धाकटीने विचारलं.

"हो."

"मग काय केलंस?"

"काय करणार? घाबरले, जेवले, झोपले," ताई म्हणाली. "हात धू आणि बस."