चरकातून निघालेले बावन्न पत्ते

जळगावात मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, आणि शाळेच्या वार्षिक अंकाचं लचांड दर वर्षी माझ्याच गळ्यात पडायचं. अंकात फोटो छापायचा तर आधी त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. ब्लॉक करणारे मला दोघे ठाऊक होते. एक वेळेवर देई, दुसरा चांगला देई. मी दुसऱ्याकडे जायचे आणि मुख्याध्यापिकाबाईंची बोलणी खायचे. या दुसऱ्यांना सगळे नाना म्हणत. मूळचे धुळ्याकडचे, पन्नाशी उलटलेली, बोटं ॲसिडने पिवळी पडलेली, आणि उजव्या अंगठ्यावर जुन्या भाजल्याचा आडवा व्रण.

ऐंशीचं दशक संपत आलं आणि गावात ऑफसेट छपाई आली, तिला ब्लॉक लागत नव्हते. नानांचं काम आटत गेलं. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. नाना पत्ते करायला लागले. साधेसुधे, खेळायचे पत्ते. जस्ताच्या उरलेल्या तुकड्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा, सुईने त्यावर चित्र कोरायचं, तुकडा ॲसिडमध्ये सोडायचा. सुईने मेण जिथे निघालं तिथेच ॲसिड जस्त खातं आणि रेघ खोल होते. त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, आणि भिजवलेल्या जाड कागदावर दाब द्यायचा. दाब द्यायला यंत्र हवं. नानांनी बंद पडलेल्या रसवंतीचा चरक आणला, त्याचे रूळ घासूनपुसून गुळगुळीत केले आणि कागदावर घोंगडीचा तुकडा घालून पत्ता त्यातून काढायला लागले. ज्या चरकातून मी एके काळी लिंबू-आलं घातलेला रस प्याले असेन, त्यातून आता इस्पिकचा राजा बाहेर यायचा.

आणि काय राजा होता! वरच्या अर्ध्यात तो छत्राखाली बसलेला, खालच्या अर्ध्यात तोच राजा भरताचं वांगं भाजत बसलेला. किलवरची राणी वर जात्यावर दळत होती, खाली पाय पसरून झोपली होती. गुलाम सायकलवर. चौकट आणि बदाम लाल शाईत, बाकी काळ्या. मी एवढी हसले की नानांनी राजाचा पत्ता माझ्याच हातात ठेवला.

त्यांची एक रीत मात्र मला फार उशिरा कळली. जस्त महाग, म्हणून एका पत्त्याच्या दोन-तीन प्रती काढल्या की ते पत्रा कोळशाने घासून कोरा करत आणि त्यावर पुढचा पत्ता कोरत. गेला तो गेला. प्रती स्वतः ठेवत नसत, दारात जो असेल त्याला देऊन टाकत. हे कळलं. मग मी गावभर हिंडले. चौकटची दश्शी एका बाइंडरच्या भिंतीवर खळीने चिकटवलेली होती, ती पाण्याचा हात लावून लावून सोडवली. किलवरची तिर्री मेहरूणला एका सायकलवाल्याने पंक्चरच्या डबीत ठेवली होती. इस्पिकच्या नव्वीसाठी मी एका अनोळखी बाईला दोन बरण्या लोणचं दिलं. नवरा म्हणायचा, बाई, तुला वेड लागलंय. लागलंच होतं. फार सुखाचं वेड होतं ते.

पाचेक वर्षांत बिस्किटाच्या डब्यात एक्कावन्न पत्ते जमले. राहिली एकच, बदामाची सत्ती. ती नानांनी मुद्दाम मागे ठेवली होती. बदाम सत्तीचा डाव तिच्यापासून सुरू होतो, म्हणून ती सगळ्यात शेवटी करणार, असं त्यांचं म्हणणं. मी वाट पाहत होते.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. आमचं गाव रावेरकडे, केळीच्या मुलखात. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधून गाणी म्हणतात, आणि पुरुष भर दिवसा, राजरोस पत्ते खेळतात. एरवी पत्त्यांना हात लावला तर ओरडणारी माणसंसुद्धा. मी डबा सोबत नेला होता, वडिलांना दाखवायला. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी चष्मा लावून एकेक पत्ता पाहिला, वांगं भाजणाऱ्या राजापाशी खुदकन हसले आणि डबा परत दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि मी झोक्यावर होते. निंबाखाली पुरुषांचा डाव रंगला होता. पाणी प्यायला म्हणून उतरले आणि सहज तिकडे गेले, तर आबांच्या हातात माझा इस्पिकचा राजा! त्यांच्या पत्त्यांवर कुणीतरी पाण्याचा तांब्या लवंडला होता, दुकान बंद, म्हणून आबांनी माझा डबा उघडला होता. बदामाची सत्ती नव्हती तर काड्यापेटीच्या पुठ्ठ्यावर पेनाने सात बदाम काढून घेतले होते.

मी रडायचीच बाकी राहिले. आबा शांतपणे म्हणाले, "पत्ते हायेत, खेळलो. पत्त्यायची काय पूजा कराची का?"

मी पत्ते गोळा केले आणि डबा पेटीत कोंबला. दोन दिवस आबांशी नीट बोलले नाही. कोपरे थोडे वाकले होते, एवढंच दिसत होतं. पण जळगावला येऊन डबा उघडला आणि एकेक पत्ता उलटून पाहत गेले. त्या दिवशी जेवणावळीसाठी सकाळी केळीची पानं कापली होती. तेच हात पत्त्यांना लागले होते. केळीचा चीक लागतो तेव्हा दिसत नाही. चार दिवसांनी तपकिरी होतो आणि मग कशानेच जात नाही. एक्कावन्न पत्त्यांच्या पाठीवर एक्कावन्न तऱ्हेची बोटं उमटली होती.

नानांना काय सांगायचं? त्यांचा स्वभाव मला माहीत होता. समोरच्या चहावाल्याने त्यांच्या पंजीवर गरम ग्लास ठेवला, तेव्हा नानांनी त्याच्याकडचा चहा कायमचा सोडला होता. हे पाहून त्यांनी सत्ती केलीच नाही तर? पाच वर्षं एका पत्त्यासाठी अडून राहतील, आणि दोष माझ्याच घरचा. लपवावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नानांकडे जाताना दर वेळी मी सगळा डबा नेत असे, नाना आधीचे पत्ते मांडून बघत. शेवटी नेला. नेला आणि झाकण उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

नानांनी एक पत्ता उलटा केला. मग दुसरा. मग सगळे उलटे मांडले आणि डागांवर बोट फिरवत राहिले. मी आखाजीपासून निंबापर्यंत, पाण्याच्या तांब्यापासून काड्यापेटीच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळं भडाभडा सांगितलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं.

मग नानांनी विचारलं, "मंग? कोन जितना?"

कोण जिंकलं, मला माहीत नव्हतं. डाव मी मोडला होता ना. ते ऐकून नाना पहिल्यांदा खट्टू झाले. पाच वर्षांत त्यांच्या पत्त्यांनी कुणी एकही डाव खेळलं नव्हतं, आणि खेळलं तेव्हा मी मध्येच उठवलं. मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. नानांनी माझ्यादेखत चरक फिरवला, घोंगडी उचलली, आणि बदामाची सत्ती निघाली. लालभडक, सातही बदामांत एकेक झोका, झोक्यावर एकेक बाई. एकच प्रत काढली. पत्ता वाळवण्यासाठी दोरीवर टांगला. मी हात पुढे करून उभी, तर त्यांनी थांब म्हणून खूण केली. काळ्या आणि लाल शाईत थोडं तेल घालून एका फरशीवर घोटलं, कागदाच्या कपट्यावर लावून माझ्या पत्त्यांच्या डागांशी ताडून पाहिलं. तीनदा रंग बदलला. मग उजवा अंगठा शाईत बुडवून, कोऱ्या स्वच्छ सत्तीच्या पाठीवर दाबला. मी ओरडलेच.

"एकच पत्ता कोरा ऱ्हायना तं बठ्ठा वळखी लेतीन," नाना म्हणाले. खरंच होतं, बिनडागाची सत्ती पाठीवरूनच सगळ्यांनी ओळखली असती. "आते खेळा."

पुढच्या आखाजीला मी डबा स्वतःहून निंबाखाली नेऊन ठेवला. आबांनी पत्ते पिसले, एका शब्दाने मागचं काढलं नाही. डाव कोण जिंकलं ते लिहून आणायला नानांनी बजावलं होतं, ते मी कागदावर लिहून घेतलं. आबाच जिंकले होते.

आता आबा नाहीत, नानाही नाहीत. पत्ते आहेत, मऊ झालेत, आखाजीला निघतात. बावन्न डागांतला एकच डाग आडव्या व्रणाचा आहे. घरात आणखी कुणाला तो ओळखू येत नाही, मला मात्र येतो. बदामाची सत्ती कुणाच्या हातात आहे हे मला दर डावात आधीच माहीत असतं, आणि मी गप्प बसते.